उपचार परळला, दुष्परिणाम मावळात

कर्करोगावरच्या नव्या औषधाची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गुण येतो का, आणि पैसे किती पडतात? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण आणखी एक तिसरा प्रश्न असतो. औषध शरीरात गेल्यावर आठ-दहा आठवड्यांनी, रुग्ण आपल्या घरी असताना, बहुधा रात्री-अपरात्री तो उभा राहतो. हे जे नवे दुखणे सुरू झाले आहे ते औषधामुळे, की दुसऱ्याच कशामुळे? त्या वेळी हे विचारावे असे जवळपास कोणी नसते. इम्युनोथेरपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारांत या प्रश्नाच्या वेळेवर मिळालेल्या उत्तरावर काही रुग्णांचे प्राण अवलंबून असतात. आणि परळच्या किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांनी कितीही मनावर घेतले तरी तो एकट्या त्यांच्याकडून सुटणारा नाही. तो कामशेतच्या, टाकव्याच्या आणि पवनानगरच्या दवाखान्यांत सुटायचा आहे.

या बाबतीत मावळ तालुका उदाहरण म्हणून घेण्याजोगा आहे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मध्ये हा तालुका वसला आहे. लोहमार्गाने लोणावळा मुंबईहून १२८ किलोमीटर आणि पुण्याहून ६४ किलोमीटर. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून मावळातला माणूस कर्करोगाच्या शंकेने दादरची गाडी पकडत आला आहे. विदर्भातला किंवा बिहारमधला रुग्ण उपचारासाठी मुंबईला गेला की महिनोन्‌महिने तिथल्या एखाद्या धर्मशाळेत राहतो. काही बिनसले तर रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. मावळातला रुग्ण मात्र सकाळी जातो, इंजेक्शन घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने लोणावळ्याला उतरतो. तिथून पुढे नाणे मावळातल्या किंवा पवन मावळातल्या आपल्या गावी पोचतो. म्हणजे जवळ असण्याचा फायदा आहे तसा हा तोटाही आहे. औषधाची पहिली दोन-तीन तासांची देखरेख परळला होते; पुढच्या तीन आठवड्यांची घरात आणि गावात. हे औषध आपला खरा स्वभाव दाखवते ते याच दुसऱ्या काळात.

औषध नेमके काय करते हे लोणावळेकराला समजावून सांगणे अवघड नाही, कारण त्याच्या दारातच घाट आहे. बोरघाटात लोहमार्गाचा उतार काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट इतका आहे. तिथे गाडी उतरते ती ब्रेकच्या भरवशावर. आपल्या शरीरातल्या प्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. बाहेरून आलेल्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी आपल्याच अवयवांवर धावून जाऊ नयेत म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिलेले आहेत. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यांपैकी दोन ब्रेकची नावे. कर्कपेशी लबाड असतात. त्या यातला पीडी-१ चा ब्रेक दाबून धरतात, आणि शत्रू समोर दिसत असूनही टी-पेशी जागच्या जागी उभ्या राहतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब, ड्युरव्हालुमॅब ही औषधे कर्कपेशींना स्वतः मारत नाहीत. ती फक्त हा दाबून धरलेला ब्रेक सोडवतात. पुढचे काम शरीराची आपली सेना करते. गोम अशी की ब्रेक सुटतो तो काही एकाच डब्याचा सुटत नाही, सगळ्या गाडीचा सुटतो. कर्करोगाच्या गाठीवर धावून गेलेली सेना मग कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर, कधी थायरॉइड ग्रंथीवर, तर क्वचित हृदयावरही धावून जाते.

कल्पना तशी जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९० च्या दशकात जंतूंचे विष टोचून कर्करुग्णांची प्रतिकारशक्ती चेतवण्याचे प्रयोग केले होते. १९७६ साली कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगावर उपयोगी पडते असे दाखवले. ती आजही त्यासाठी वापरली जाते, आणि ती बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या कंपन्यांत आपल्याच जिल्ह्यातली सीरम इन्स्टिट्यूट आहे. तिच्यानेही लघवीला आग होते, ताप येतो; क्वचित लशीतले जंतू शरीरात पसरून क्षयाचीच औषधे द्यावी लागतात. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचे युग मात्र अलीकडचे. त्यातले पहिले, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब तिथे २०१४ साली आले. या शोधामागचे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा त्वचेचा कर्करोग २०१५ साली मेंदूपर्यंत पोचला होता. त्या वेळी त्यांचे वय ९० होते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांबरोबर त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब देण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले ते वयाची शंभरी ओलांडून. असा गुण प्रत्येकाला येत नाही. बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत निम्म्याहून कमी रुग्णांना तो येतो. पण ज्यांना येतो त्यांना तो वर्षानुवर्षे टिकू शकतो, आणि म्हणूनच या औषधांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आता दुष्परिणामांकडे वळू. केमोथेरपीचे दुष्परिणाम मराठी घरांना माहीत झाले आहेत. केस जातात, उलट्या होतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी होतात. घरातल्या माणसांनी मनाची तयारी केलेली असते ती याची. इम्युनोथेरपीत यातले फारसे काही घडत नाही. केस जागेवर असतात, जेवण जाते, रुग्ण चार माणसांत ऊठबस करतो. घरचे म्हणतात, औषध मानवले. आणि मग दीड-दोन महिन्यांनी जुलाब सुरू होतात.

इथे मावळचा पाऊस आठवावा. जून ते सप्टेंबर या काळात या पट्ट्यात जुलाब, ताप, सर्दी-खोकला घरोघरी असतो. दिवसातून सहा-सात वेळा संडासला जाणारा रुग्ण गावातल्या डॉक्टरांकडे गेला तर पाणी बाधले असेल असे मानून त्याला जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि प्रतिजैविके मिळणार, फार तर एक सलाईन. नेहमीच्या रुग्णाला हा उपचार योग्यच आहे. पण या रुग्णाच्या आतड्याला त्याच्याच टी-पेशींनी सूज आणलेली असते. तिथे प्रतिजैविकांचा उपयोग नाही, आणि दिवस वाया गेले तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. खोकला आणि दम लागणे हे दुसरे उदाहरण. या औषधांनी शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांना फुप्फुसाचा दाह होतो. क्ष-किरण चित्रात तो न्यूमोनियासारखा दिसू शकतो, आणि आपल्या देशात लांबलेला खोकला म्हटले की क्षयाची शंका आधी येते. ती यायलाही हवी. पण तिच्याबरोबर औषधाचीही शंका यायला हवी.

तिसरे उदाहरण थकव्याचे. शंभरातल्या दहाएक रुग्णांची थायरॉइड ग्रंथी या औषधांनी मंदावते. माणूस सुस्तावतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते. कर्करोग म्हटल्यावर अशक्तपणा यायचाच, असे म्हणून घरचे दूध-अंडी वाढवतात. साध्या रक्ततपासणीत जे कळले असते आणि रोजच्या एका गोळीने जे सावरले असते, ते महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते. त्याहून फसवा प्रकार मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचा. त्या मंदावल्या की रक्तदाब उतरतो, मळमळते, चक्कर येते, डोके दुखते. वेळीच ओळखले नाही तर रुग्ण कोसळतो. शंभरात एखाद्याला अचानक मधुमेह होतो, आणि तो हळूहळू वाढणारा नसतो. काही दिवसांत साखर चारशे-पाचशेवर जाऊन रुग्ण बेशुद्ध होण्यापर्यंत मजल जाते. सर्वांत विरळा आणि सर्वांत घातक म्हणजे हृदयाच्या स्नायूंचा दाह. तो शंभरात एकालाही होत नाही म्हटले तरी चालेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १३१ रुग्णांपैकी ५२ दगावल्याचे आढळले होते.

हे वाचून कोणी घाबरून उपचार सोडू नये. त्याच अभ्यासात पीडी-१ गटातले एकच औषध घेणाऱ्यांत औषधामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण हजारात तीन-चार इतके होते. दोन औषधे एकत्र दिली तेव्हा ते हजारात बारापर्यंत गेले. ज्या रोगासाठी हे औषध द्यायचे तो रोग किती माणसे नेतो, हे लक्षात घेतले तर हा धोका पत्करण्याजोगाच ठरतो. दोन औषधांच्या जोडीने मात्र गंभीर त्रासाचे प्रमाण बरेच वाढते. त्वचेच्या कर्करोगावरच्या एका मोठ्या चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब बरोबर घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना गंभीर दुष्परिणाम झाले. दुसरीकडे असेही दिसते की ज्यांना काही दुष्परिणाम होतात त्यांच्यात औषध लागू पडण्याचे प्रमाण अनेक अभ्यासांत अधिक आहे. आणि त्रासामुळे औषध थांबवावे लागले तरी आलेला गुण पुष्कळदा टिकतो. तेव्हा त्रास सांगितला तर डॉक्टर औषध बंद करतील या भीतीने गप्प बसणारा रुग्ण स्वतःचे नुकसान करून घेत असतो.

दुष्परिणामांना उतारा आहे, हीच यातली महत्त्वाची गोष्ट. घाटात सुटलेल्या गाडीसाठी रेल्वेने चढणीचा एक आडमार्ग ठेवलेला असतो. गाडी त्यावर वळवली की चढामुळे तिचा वेग मरतो. इथे तो आडमार्ग म्हणजे स्टेरॉइड. पुढचे इंजेक्शन थांबवायचे आणि रुग्णाच्या वजनाच्या हिशेबाने प्रेडनिसोलोनसारखे औषध सुरू करायचे. बहुसंख्य रुग्ण त्याने सावरतात. हे औषध जुने आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या कोणत्याही औषध दुकानात मिळते. अडचण असते ती शंका येण्याची आणि निर्णय घेण्याची. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती स्टेरॉइड या शब्दाची. हे औषध वाईट, ते शरीर पोखरते, अशी आपल्या समाजाची समजूत झालेली आहे. तिला कारणेही आहेत. झटपट गुण दाखवण्यासाठी त्याचा गैरवापर आपण पाहिलेला आहे. परिणाम असा की चार दिवसांत जुलाब थांबले की घरचेच गोळ्या बंद करतात. इथे ते धोक्याचे आहे. मात्रा चार ते सहा आठवडे पायरीपायरीने उतरवावी लागते. एकदम थांबवली तर दाह उलटतो, आणि शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे सोडलेले असेल तर रुग्ण कोलमडू शकतो. त्यात आपल्या देशात क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात निपचित पडून असतात. स्टेरॉइड दीर्घकाळ चालले की ते डोके वर काढू शकतात. म्हणून हा उतारा देणाऱ्या डॉक्टराचा मुख्य रुग्णालयाशी संपर्क असणे भाग आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेतून आली आहे. करोनाच्या साथीत, २०२० पासून, ‘इम्युनिटी’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला आणि तो नेहमी वाढवण्याच्याच संदर्भात पोचला. काढे आले, चूर्णे आली, गुळवेल आली. मावळात तर ती कुंपणावरच चढलेली असते. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके चांगले, असे आपण धरून चाललो. इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या घरीही हाच विचार होतो: प्रतिकारशक्तीचेच औषध चालू आहे, जोडीला काढा दिला तर दुधात साखर. प्रत्यक्षात या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक आधीच सोडवलेला असतो. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला, शरीराने स्वतःवरच हल्ला करावा तशी, सूज आल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की ज्या रुग्णाच्या यकृताला औषधामुळे सूज येण्याची शक्यता आहे, त्याने घरगुती काढ्याची गोष्ट आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. आणि डॉक्टरांनी ती न रागावता विचारावी.

हा विषय आजच मांडण्याचे कारण वेगळे आहे. आजवर ही औषधे इतकी महाग होती की तालुक्यातल्या डॉक्टराला असा रुग्ण भेटण्याचा योग विरळा. ते चित्र बदलते आहे, आणि बदलाची सुरुवात परळलाच झाली. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुख आणि घशाच्या, आटोक्याबाहेर गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे दिली, निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के. निव्होलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर एकीकडे ७२० मिलिग्रॅम, दुसरीकडे ४०. अठरापट फरक. तंबाखू-मिश्रीने पोखरलेल्या महाराष्ट्रात या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. त्यातच जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ड्युरव्हालुमॅबवरचे आयातशुल्क माफ झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अटेझोलिझुमॅबवरचा वस्तू व सेवा कर शून्यावर आला.

या चाचणीतली एक बाब दिलासा देणारी आहे. निव्होलुमॅब जोडल्याने गंभीर दुष्परिणामांचे एकूण प्रमाण वाढले नाही. ते दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपासच राहिले, कारण त्यातला मोठा वाटा इतर औषधांचा होता. पण मात्रा अठरापट कमी म्हणून धोकाही अठरापट कमी, असे त्रैराशिक इथे मांडता येत नाही. पीडी-१ चा ब्रेक सोडवायला थोडे औषधही पुरते. म्हणून तर कमी मात्रा लागू पडते. आणि ब्रेक सुटला की पुढचे सगळे संभवते. तेव्हा औषध स्वस्त होऊन ते घेणारे दहापट झाले, तर कामशेतच्या दवाखान्यात दम लागून येणारा रुग्णही अधूनमधून दिसू लागणार. औषधाच्या आधी त्याची माहिती तिथे पोचायला हवी.

हे अशक्य नाही, याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर ‘नेक्सकार-१९’ ही टी-पेशींची उपचारपद्धती विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला तिचे लोकार्पण केले. तिचे दुष्परिणाम अधिक उग्र असू शकतात. ताप, रक्तदाब उतरणे, भान हरपणे. पण ते बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतात आणि त्या काळात रुग्णाला रुग्णालयात किंवा त्याच्या जवळपास ठेवतात. म्हणजे तिथे दुष्परिणामांची जबाबदारी व्यवस्थेने आपल्या अंगावर घेतलेली आहे. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम महिन्या-दोन महिन्यांनी, कधी शेवटच्या इंजेक्शनानंतरही कित्येक महिन्यांनी येतात. इतके दिवस कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. म्हणून तिथे ती जबाबदारी आपोआप रुग्णाच्या घरावर येऊन पडते, आणि ती आपल्यावर आली आहे हे घराला कोणी नीटसे सांगितलेले नसते.

सांगितलेले नसते म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. संमतिपत्रात सगळे लिहिलेले असते. पण मी तीसएक वर्षे बँकेत काढली आहेत, आणि लिहिलेले असणे व कळलेले असणे यातले अंतर मला ठाऊक आहे. कर्जाच्या दस्तऐवजांवर सह्या करताना अर्जदाराची नजर एकाच आकड्यावर असते, मंजूर रकमेच्या. हप्ते थकले तर काय, हे कलम बारीक अक्षरात असते, आणि ते वाचायची पाळी येते तेव्हा नोटीस दारात आलेली असते. संमतिपत्रावर सही करणारा मुलगा किंवा जावई त्याहून वाईट मनःस्थितीत असतो. त्याच बँकेत दुसरी एक गोष्ट शिकता येते. कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची ओळ असते. ती नसेल तर प्रस्ताव परत जातो. कर्करोगाच्या उपचाराचे अंदाजपत्रक बहुधा औषधाच्या किमतीवरच संपते. दर खेपेच्या रक्ततपासण्या, दाहासाठी करावी लागणारी भरती, पुढे जन्मभर चालणारी थायरॉइडची गोळी किंवा इन्सुलिन यांची ओळ त्यात नसते. द्रुतगती मार्ग आल्यापासून मावळात जमिनीला भाव आहे, आणि घरात मोठे आजारपण आले की चार-दोन गुंठे काढण्याची सोय काहींना आहे. पण गुंठे काढायचे ते पूर्ण हिशेब पाहून काढावेत. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांमुळे इम्युनोथेरपीची इंजेक्शने आरोग्यविम्यातून सरसकट वगळता येत नाहीत. मर्यादा मात्र घालता येते. भरती न होता केलेल्या तपासण्या बहुतेक पॉलिसींच्या बाहेरच राहतात. ही कलमे उपचार सुरू होण्याआधी वाचावीत.

मग करायचे काय? पहिली गोष्ट अगदी साधी आहे: एक कार्ड. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत ही औषधे घेणाऱ्या रुग्णाला खिशात ठेवायचे कार्ड देण्याची पद्धत आहे. औषधाचे नाव, पहिल्या आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख, रुग्णालयाचा दिवसरात्र चालणारा फोन, आणि डॉक्टरांसाठी एक सूचना: या रुग्णाचा कोणताही नवा त्रास औषधामुळे असू शकतो, कळवल्याशिवाय उपचार ठरवू नयेत. हे कार्ड मराठीत असावे, ठळक अक्षरांत असावे आणि मागच्या बाजूला सात-आठ ओळींत लक्षणे असावीत. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रीडमध्ये देशभरची रुग्णालये आहेत. एक नमुना तयार झाला तर सगळ्यांना वापरता येईल. छपाईचा खर्च एका इंजेक्शनाच्या तुलनेत नगण्य आहे.

दुसरी गोष्ट गावच्या डॉक्टरांची. मावळात कान्हे फाट्याला सरकारी रुग्णालय आहे, कार्ला, खडकाळा, टाकवे इथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, तळेगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गावोगाव आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले डॉक्टर रात्री दार वाजले तर उठतात. रुग्ण पहिल्यांदा जातो तो यांच्याकडे. त्यांनी कर्करोगतज्ज्ञ व्हावे असे कोणी म्हणत नाही. त्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. नव्या त्रासाने आलेल्या कर्करुग्णाला, गेल्या वर्षभरात प्रतिकारशक्तीचे इंजेक्शन घेतले का, हे विचारावे. आणि उत्तर ‘हो’ असेल तर रक्तातला प्राणवायू, रक्तदाब, साखर पाहून त्याच्या रुग्णालयाला फोन करावा. वैद्यकीय महाविद्यालयाने आणि तालुक्याच्या डॉक्टरांच्या संघटनेने यावर एका रविवारी सकाळी दोन तासांचे व्याख्यान ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

तिसरी गोष्ट नोंदीची. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय योजना आपल्याकडे २०१० पासून आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग ती चालवतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही दुष्परिणाम कळवू शकतात. आपली बहुतेक आकडेवारी परदेशी रुग्णांवरून आलेली आहे. क्षय, कुपोषण, तंबाखू असलेल्या आपल्या शरीरांत ही औषधे कशी वागतात हे आपल्याच नोंदींतून कळणार आहे. नोंद करताना बाटलीवरचा बॅच क्रमांकही लिहून ठेवावा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी महागड्या कर्करोग औषधांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकणारी टोळी पकडली. त्यांत याच गटातली औषधे होती. सवलतीत मिळते म्हणून ओळखीपाळखीतून बाटली आणणाऱ्यांनी हे विसरू नये.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘महाकेअर’ या नावाने कर्करोगाच्या त्रिस्तरीय उपचारव्यवस्थेला मान्यता दिली. वरच्या स्तरावर टाटासारखी संस्था, मधल्या स्तरावर वैद्यकीय महाविद्यालये, खालच्या स्तरावर जिल्ह्याच्या पातळीवरची केंद्रे. आखणी स्वागतार्ह आहे. मात्र या तीन स्तरांच्या खाली आणखी एक स्तर आहे, तो कोणत्याही शासन निर्णयात येत नाही. त्यात रात्री दोन वाजता वडिलांचा दम मोजत बसलेली मुलगी आहे, दार उघडणारे गावचे डॉक्टर आहेत आणि पावसात नाणे मावळातून कामशेतपर्यंत गाडी काढणारा शेजारी आहे. नव्या औषधांचे दुष्परिणाम सर्वांत आधी दिसतात ते यांना. त्यांच्या हातात निदान एक मराठी कार्ड आणि उचलला जाणारा एक फोन नंबर असला, तर परळला मिळालेला गुण मावळात टिकेल.